कागदाच्या खोलीचं दार

माझी बायको गेली तेव्हा आमच्या लेकीला आठवा महिना लागला होता. तोवर सगळं ठरलेलं होतं. बाळ झालं, रजा संपली की लेकीनं कामावर जायचं आणि बायकोनं बाळ सांभाळायचं. शिवणाच्या दुकानातलं काम तिनं त्यासाठी आधीच सोडून दिलं होतं. "तू बिनघोर जा ऑफिसला, मी आहे ना," असं ती लेकीला उठता बसता सांगायची. मग एका सकाळी चहा पिता पिता खुर्चीत बसली ती उठलीच नाही.

म्हणून तिच्या जागी मी आलो. बदली कामगार.

मी रंगारी. उभा जन्म लोकांची घरं रंगवण्यात गेला. भिंतीला ओल कुठून येते ते मी हात लावून सांगेन, पण बाळ का रडतंय ते मला कळायचं नाही. जावई बोटीवर असतात, वर्षाचे निम्मे महिने समुद्रात. तेव्हा घरात लेक, मी आणि नात. नातीचं खरं नाव मोठं आहे, मी तिला ठमी म्हणतो.

"बाबा, जमेल ना तुम्हाला?" लेकीनं कामावर जायच्या आदल्या दिवशी विचारलं.

"न जमायला काय झालं? भिंतीपेक्षा तर मऊ आहे."

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच हसली असावी. मला वाटलं, निम्मं काम झालं.

लेक लेबलं छापणाऱ्या छापखान्यात आहे. औषधाच्या बाटल्यांवर जी लेबलं असतात, ती छापायच्या आधी तपासायचं तिचं काम. ते काम जोडीनं चालतं. एकीनं मूळ कागदावरचं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं छापील नमुन्यावर पट्टी धरून ओळ न ओळ ताडून बघायची. स्वल्पविराम आला तरी "स्वल्पविराम" म्हणायचं. लेकीच्या जोडीला एक वयानं मोठी बाई होती. तिला सगळे पट्टी म्हणायचे, ती पट्टी धरायची म्हणूनही आणि बोलण्यात कुणाला झुकतं माप द्यायची नाही म्हणूनही. जोडीतली एक उठून गेली की दुसरी बसून राहते. हे लेकीला फार लागायचं, कारण तिला दुपारी एकदा उठावं लागायचं.

कशासाठी, ते आम्ही बोलत नव्हतो. मी रोज दुपारी ठमीला खांद्यावर घेऊन छापखान्यात जायचो. वरच्या मजल्यावर जिन्यासमोर एक बाक होता, त्यावर बसायचो. थोड्या वेळानं लेक यायची, ठमीचा पापा घ्यायची आणि माझ्या हातात एक कापडी पिशवी द्यायची. पिशवीत रुमालात गुंडाळलेली बाटली. "बाबा, डबा," एवढंच म्हणायची. मीही "हं" म्हणायचो आणि जिना उतरायचो. बाटलीत दूध आहे हे मला ठाऊक होतं, दुपारी ते मीच ठमीला पाजायचो. पण ते कुठं काढतात, कसं काढतात, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. बापलेकीत हे कोण बोलणार? तिची आई असती तर पहिल्याच दिवशी सगळं ऑफिस पालथं घालून, कुठं बसतेस, पाठीला उशी आहे का, सगळं विचारून आली असती. मी बाकावर खाली मान घालून बसायचो. लेक कुठल्या दारातून येते हेसुद्धा बघायचं नाही, असं मी माझं ठरवलं होतं. मला तो सभ्यपणा वाटायचा.

लेक ज्या दारातून यायची ती कागदाची खोली होती. आत नुसती कागदाची रिळं आणि एक स्टूल. दाराला आतून कडी नव्हती. कोठीच्या खोलीला आतून कडी कोण लावतं? बायकांनी आपला एक उपाय काढला होता. आत कुणी बसली की दाराच्या मुठीला पिवळं फडकं लावायचं. म्हणजे आत येऊ नका. लेकीबरोबर मोजणी विभागातली एक बाई ही खोली वापरायची, तिचंही लहान होतं. त्यांच्या आधी आणखी कुणी वापरली होती. बायकांना ठाऊक होतं, म्हाताऱ्या शिपायाला ठाऊक होतं. तो फडकं दिसलं की खोकत दुसरीकडून जायचा. साहेब नवे होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. आणि मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी ठमी बाकावर माझ्या मांडीवर होती आणि तिनं भळकन दूध ओकलं. माझ्या पायावर, बाकावर, खाली फरशीवर. मी रुमाल बघितला तर घरी राहिलेला. आता रंगाऱ्याचं एक असतं. खाली थेंब पडला की तो वाळायच्या आत पुसायचा. हातात फडकं नसेल तर जीव वर खाली होतो. मी इकडं तिकडं पाहिलं. समोरच्या दाराच्या मुठीला पिवळं फडकं लटकत होतं. बरं झालं, म्हटलं. कुणीतरी झाडलोट करून विसरलंय. मी ते काढलं, बाक पुसला, फरशी पुसली. पुसून झाल्यावर घाणेरडं फडकं परत कसं टांगणार? चारचौघांची वस्तू. म्हणून ठमीला खांद्यावर टाकून व्हरांड्याच्या टोकाला नळ होता तिथं ते धुवायला गेलो.

मी फडकं पिळत होतो तेव्हा मागून साहेब आले. त्यांच्याबरोबर दोन पाहुणे होते, बाहेरगावचे गिऱ्हाईक असावेत. साहेब त्यांना सांगत होते, "चिकट कागद आमच्याकडं पाच जातींचा आहे. दाखवतोच तुम्हाला, या."

दार उघडल्याचा आवाज आला. मग आतून एक किंकाळी. मोठी नव्हे, दाबलेली. मी ती ओळखली. लेक लहानपणी झोपाळ्यावरून पडली तेव्हा अशीच ओरडली होती.

"सॉरी, सॉरी," साहेब म्हणाले. दार आपटलं. दोघांतला एक पाहुणा हसला. तिघं घाईनं जिना उतरून गेले.

लेक बाहेर आली तेव्हा तिची बटणं वरखाली लागली होती. ती माझ्याकडं न बघता, ठमीकडंही न बघता, तोंडावर ओढणी धरून सरळ आपल्या कामाच्या खोलीत गेली. त्या दिवशी मला पिशवी मिळाली नाही. मी नळापाशी उभा होतो, हातात पिळलेलं फडकं. आणि तेव्हा मला सगळं एकदम कळलं. मी ते फडकं घडी करून पँटच्या खिशात घातलं आणि घरी आलो. ठमीला पावडरचं दूध दिलं. तिनं निम्मं प्यायलं, निम्मं माझ्यावर थुंकलं.

संध्याकाळी लेक आली ती चप्पल काढायच्या आधीच रडायला लागली.

"बाबा, माझ्यामुळं खोली गेली. साहेबांनी कुलूप घातलं. आता कागद हवा असेल तर शिपायाकडं मागायचा, आत कुणी जायचं नाही."

"तुझ्यामुळं कशी?" मी विचारलं. इतकं मी बोललो.

मग तिनं मला फडक्याचं सांगितलं. माझ्याकडं पाठ करून, ठमीचे कपडे बदलता बदलता सांगितलं. "पट्टी सगळ्यांसमोर म्हणाली, तुला एक फडकं लावता येत नाही? मोजणीतली तर माझ्याशी बोललीच नाही. तिनं तरी कुठं जायचं? तिचं माझ्या ठमीपेक्षा लहान आहे."

"तू लावलं नव्हतंस का?"

मी हे का विचारलं, मला सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं.

"मला वाटतं लावलं होतं. माझ्या हाताला आठवतंय, मुठीला गाठ मारल्याचं. पण मग ते गेलं कुठं? शिपायानं शोधलं, खाली वर कुठंच नाही." ती खाली बसली. "बाबा, हल्ली मला काही नीट आठवतच नाही. परवा मी पातेलं गॅसवर ठेवून आंघोळीला गेले. शनिवारी ठमीला झबलं उलटं घालून सबंध बाजार हिंडवून आणली. माझं डोकं चालतंय ना?"

फडकं अजून माझ्या खिशात होतं. त्याच्याखाली मांडी गार पडली होती.

"झोप कमी पडतेय तुला," मी म्हणालो.

"तेच. तसंच असणार." तिनं मान हलवली. "माझं काम काय आहे बाबा? चूक पकडायचं. एक शून्य इकडचं तिकडं झालं तर माणूस मरेल. जिला दाराला फडकं लावलं की नाही हे सांगता येत नाही, तिनं औषधाची लेबलं तपासायची? उद्या जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांना सांगते, काम सोडते म्हणून. आईला किती हौस होती मी कामावर जावं याची. पण नाही होत माझ्यानं."

मी उठून भात लावायला गेलो. तांदूळ धुतले, परत धुतले. सांगायचं तर मला म्हणावं लागलं असतं, तू आत दूध काढत होतीस तेव्हा मी बाहेर बसून दारावरचं फडकं काढलं. हे वाक्य काही केल्या जिभेवर येईना. आणि दुसरंही एक होतं, ते याहून वाईट. मला भीती वाटली की ती म्हणेल, बाबा, तुम्ही घरी जा. आणि माझ्या घरी आता एक खुर्ची आहे आणि मी.

सकाळी मी चहा देताना सुरुवात केली. "अगं, ते फडकं..."

"राहू द्या ना बाबा. विषय नको तो."

आणि मी राहू दिला. चांगलं निमित्त मिळालं. ती गेली. मी ठमीला अंघोळ घातली. फडकं रात्री परत धुऊन वाळत घातलं होतं, माझ्या सदऱ्याच्या आड. ते काढलं. इस्त्री गरम होती म्हणून त्याच्यावरूनही फिरवली. काय करतोय ते माझं मलाच कळत नव्हतं. ठमी गादीवर पडून माझ्याकडं बघत होती. कुणी तरी आपल्याकडं बघतंय आणि त्याला काहीच कळत नाही, हे किती बरं असतं, असं मला वाटलं. मग वाटलं, लेकही काल माझ्याकडं असंच बघत होती.

दुपारी मी छापखान्यात गेलो. लेक पिशवी घेऊन आली ती बायकांच्या संडासाकडून आली. तिनं पिशवी पुढं केली. मी ती घेतली नाही. बायकांची जेवायची खोली पलीकडंच होती, दार उघडं होतं. मी ठमीला घेऊन आत शिरलो.

"काका, इथं पुरुषांना बंदी आहे," पट्टी म्हणाली. ती टेबलाच्या टोकाला बसली होती. "तुमचा बाक बाहेर."

"त्या बाकामुळंच आलोय," मी म्हणालो. "काल फडकं हिनं लावलं होतं. मी काढलं."

सगळ्यांचे हात थांबले. लेक मागं दारात उभी होती. मी तिच्याकडं वळलो नाही. वळलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं.

"तुम्ही?" मोजणीतली म्हणाली. "तुम्हाला कशाला हवं होतं फडकं?"

"ठमीनं दूध ओकलं बाकावर. पुसायला. मला काय ठाऊक ते कशाचं आहे."

"आणि मग गेलं कुठं ते?"

मी खिशातून काढून टेबलावर ठेवलं. "धुतलंय."

कुणीतरी फिसकन हसलं. मोजणीतलीनं फडकं उचलून उलटसुलट पाहिलं. "अगं बाई, इस्त्री केलीय! माझ्या नवऱ्याच्या शर्टाला नसते इतकी." मग दोघी तिघी हसल्या. मला ते हसू मारल्यासारखं लागलं, पण ते मला हवंही होतं. पट्टी हसली नाही.

"काल का बोलला नाहीत?"

"लाज वाटली."

"कसली लाज? पोर घेऊन रोज इथं बसायला वाटत नाही, बाटली न्यायला वाटत नाही. तोंड उघडायलाच बरी वाटली? काका, ही काल माझ्या तोंडचं काय काय ऐकून घेत होती, ठाऊक आहे तुम्हाला? मी तिला म्हटलं, बाळ झाल्यापासून तुझं डोकं घरी राहतं. अशानं लोक मारशील, म्हटलं मी तिला."

"नव्हतं ठाऊक."

"मग आता माझीही थोडी लाज घ्या वाटून," असं म्हणून तिनं डब्याचं झाकण लावलं. चिडून लावलं, पण डोळे माझ्याकडं नव्हते. ती लेकीला म्हणाली, "ए, ऐक. मी बोलले ते..."

"राहू दे," लेक म्हणाली.

"राहू दे काय? बोलले ते बोलले. चुकलं माझं." आणि ती उठली. "चला साहेबांकडं. तुम्ही पण चला काका. आम्ही सांगितलं तर म्हणतील बायका सांभाळून घेतायत एकमेकींना."

साहेब माझ्या जावयाच्या वयाचे निघाले. लेक, पट्टी, मोजणीतली, मी आणि ठमी त्यांच्या खोलीत उभे राहिलो. पट्टीनं मला कोपरानं ढोसलं.

"साहेब," मी म्हणालो, "त्या खोलीत या मुली पोरांसाठी दूध काढून ठेवतात. आत कुणी असलं की दाराला फडकं असतं. काल ते मी काढलं. हिची चूक नाही."

दूध काढतात हे शब्द मी माझ्या लेकीसमोर मोठ्यानं बोललो. कान तापले. साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि तिचं टोक बघत बसले. त्यांचेही कान लाल झाले होते.

"मला वाटलं... मला वाटलं कुणी कपडे बदलतंय," ते म्हणाले. "हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्हाला कसं सांगायचं?" पट्टी म्हणाली. "आत्ता सांगितलं तर पेन्सिल बघताय."

"ठीक आहे. बघतो काय करता येतं ते."

"बघायचं काय त्यात? आतून कडी लावायची. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे."

साहेब "हो, हो" म्हणाले. मग लेकीकडं बघून, म्हणजे तिच्या पायांकडं बघून, म्हणाले, "काल जे झालं त्याबद्दल... सॉरी. आणि त्या पाहुण्यांबद्दलही."

लेक "बरं" म्हणाली. काम सोडायचं ती काहीच बोलली नाही. सुट्टी संपत आली होती. पट्टी तिला म्हणाली, "चल, खोकल्याच्या औषधाचं राहिलंय. आज तू पट्टी धर, मी वाचते." लेक म्हणाली, "येते, दोन मिनिटं."

ती माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली. ठमीला माझ्याकडून घेतलं, छातीशी धरलं, परत दिलं. मी वाट बघत होतो. मला वाटलं होतं ती रागावेल, ओरडेल. आईवर गेली असती तर ओरडली असती.

"बाबा," ती हळू म्हणाली, "काल मी तुम्हाला विचारत होते. माझं डोकं चालतंय ना, असं मी तुम्हाला विचारलं. तुम्हाला. आणि तुम्ही म्हणालात झोप कमी पडतेय."

"हो."

"खिशात फडकं होतं तेव्हा?"

"हो."

"मी झोपलेच नाही बाबा. मी सगळी पातेली आठवत बसले."

रंगाऱ्याला भिंत खराब झाली तर खरवडून परत रंगवता येते. मी बायकोला मनात म्हटलं, तू काहीतरी बोल. पण ती नव्हती आणि बोलायचं मलाच होतं.

"चुकलो," मी म्हणालो. "मला वाटलं तू मला परत घरी पाठवशील."

तिनं पिशवी माझ्या हातात दिली. "पाठवत नाहीये. ठमीला तुमची सवय झालीय." मग म्हणाली, "पण उद्यापासून वर येऊ नका. खाली फाटकापाशी थांबा. मी येते खाली."

"बरं."

"मला जरा वेळ लागेल."

"बरं," मी म्हणालो, आणि उतरलो.

कागदाच्या खोलीला आतून कडी लागली, त्याला आता बरेच दिवस झाले. मोजणीतलीनं आत एक खुर्चीही नेऊन ठेवलीय, असं लेकीनं जेवताना सांगितलं. अशा गोष्टी ती आता सांगते. परवा तर तिनं एक चूक पकडली, जी दोन जोड्यांच्या नजरेतून निसटली होती. थेंबाच्या जागी चमचा छापला होता. हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता, आणि मग मी समोर आहे हे आठवल्यासारखी ती भांडी उचलायला उठली. घरात ती माझ्याशी नीट बोलते. जेवलात का, औषध घेतलं का, सगळं विचारते. फक्त स्वतःचं काही मला विचारत नाही. हे बरोबर ना, असं होतं ना बाबा, हे ती पूर्वी येता जाता विचारायची. ते थांबलंय.

मी दुपारी फाटकापाशी उभा असतो. पहारेकऱ्यानं एकदा आपलं स्टूल देऊ केलं, मी घेतलं नाही. ठमी जड झालीय, पण खांदे अजून मजबूत आहेत. काल पट्टी काहीतरी आणायला बाहेर आली होती. मला बघून थांबली.

"काय काका, उन्हात काय उभे? वर या की. बाक रिकामाच असतो. झालं गेलं आता."

"बरा आहे इथं."

"अहो, कुणी काही म्हणणार नाही. मी सांगते ना."

"तुम्ही नाही म्हणणार हो," मी म्हणालो. "लेक बोलावील तेव्हा येईन."

ती ठमीच्या गालाला बोट लावून गेली. मी ठमीला उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतलं आणि लेकीची वाट बघत राहिलो.